नोंद नाही, नुसती शिल्लक

(पत्र थोडं आटोपतं घेतलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

*ताई, नमस्कार. मी अमळनेरला एका अडत दुकानावर दिवाणजी आहे. वय ५३. गावी तीन एकर आहे, ते बटाईने दिलेलं. शेजारचं रान मोठ्या भावाचं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलं आणि नऊ वर्षं बोलणं बंद राहिलं. मागच्या वर्षी आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन आठ दिवस झाले आणि नाना गेले. हार्ट अटॅक. मी पोचलो तेव्हा अंगणात निजवलेले होते.*

*तेव्हापासून झोप नाही. पहाटे तीनला जाग येते, मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. छातीत दाटतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, शुगर, थायरॉइड सगळं पाहिलं, नॉर्मल आहे. म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मुलगी नर्सिंगला आहे. तिने दोनशेपानी वही आणून दिली. म्हणाली, पप्पा, रोज रात्री झोपताना मनातलं लिहून काढा. तीन आठवडे लिहिलं. रोज एकच लिहितो, माझं चुकलं. लिहून झाल्यावर जास्तच जड वाटतं. एका रात्री लिहिलं की झोपलो की उठूच नये असं वाटतं. ते बायकोने वाचलं. ती काही बोलली नाही, पण दोन दिवस धड जेवली नाही. आता वही दुकानात गल्ल्याखाली टाकली आहे आणि लिहिणं बंद.*

*नाना जायच्या आधी होळीच्या सुमारास दादर ज्वारी घेऊन आमच्याच दुकानी आले होते. "काय रे, बरं शे ना?" म्हणाले. मी मालाच्या हिशोबाची पट्टी लिहीत होतो, मान वर केली नाही. ते असो.*

*वही लिहून खरंच काही होतं का, की शिकलेल्या लोकांचं फॅड आहे? माझ्या वयाच्या माणसाने वहीत रडत बसावं का? येत्या आखाजीला नानांच्या नावाने पितरांची पहिली घागर भरायची आहे. पुतण्याचा फोन आला होता. जावं का?*

*तुमचा, दिवाणजी*

भाऊ,

वहीचं बोलू, पण आधी त्या एका ओळीचं बोलू. "झोपलो की उठूच नये." तुम्ही ती पत्रात मधेच टाकून पुढे निघून गेलात. मला तसं जाता येणार नाही.

सरळ विचारते. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. नुसतं उठू नये असं वाटतं, की जीव द्यावा असंही कधी मनात येतं? कसा, कुठे, असं काही ठरवलंय का? याचं उत्तर मला पाठवू नका. पत्र येऊन, उत्तर लिहून, ते छापून तुमच्या हाती पडेपर्यंत आठवडे जातात. उत्तर आज घरात द्या आणि फोनवर द्या. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू केली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. पहाटे तीनला लावला तरी कुणी "एवढ्या रात्री?" असं म्हणणार नाही, कारण अशाच वेळेसाठी तो आहे. आणि मनात काही ठरलेलं असेल, तर फोनची वाट न बघता वहिनींना उठवा आणि त्याच वेळी सरकारी रुग्णालय गाठा. एकटे जाऊ नका, एकटे राहू नका.

दुसरं. तुमचा धंदा शेतमालाचा, गावी तीन एकर. फवारणीचं औषध घरात, माळ्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत कुठे असेल, तर ते आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्या. बटाईदाराकडे, शेजाऱ्याकडे, कुलपात. किल्ली तुमच्याकडे नको. तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून सांगत नाही. वाईट वेळ अनेकदा थोडक्या अवधीची असते आणि त्या अवधीत हाताशी काही नसलं, की माणूस तिच्यातून बाहेर येतो. इतकी वर्षं या भागात काम करून मी हे प्रत्येक घराला सांगते, तुमच्या घराला वेगळं नाही.

तिसरं, डॉक्टर. ईसीजी काढला, रक्त तपासलं, हे योग्यच केलं. छातीत दाटतं म्हटल्यावर ते आधी बघायलाच हवं. पण "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला झाला, इलाज झाला नाही. टेन्शन काय पोत्यासारखं पाठीवर घेतलेलं असतं, की हमालाला सांगितलं आणि खाली ठेवलं? पहाटेची ठरावीक जाग, जडपणा, स्वतःला सतत दोष देणं, जगू नये असं वाटणं, हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं की मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं असतं. तुमचे अकरा महिने झाले. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढा आणि जी ओळ वहीत लिहिली ती जशीच्या तशी डॉक्टरांना सांगा. "झोप येत नाही" एवढंच सांगून उठलात, तर बहुतेक झोपेची गोळी हातात पडेल आणि मूळ दुखणं तसंच राहील.

आता वही.

आधी माझी कबुली. पूर्वी मी येईल त्याला वही लिहायला सांगायची. स्वस्त, सोपं, घरबसल्या. मग एक दिवस एक बाई चार भरलेल्या वह्या घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. प्रत्येक पानावर सासूचं तेच भांडण, त्याच शब्दांत. म्हणाल्या, "वह्या भरल्या ताई, मी काही रिकामी झाले नाही." त्यानंतर मी "लिहा" एवढंच सांगणं सोडलं. काय लिहायचं, किती लिहायचं आणि कधी थांबायचं, हे सांगितल्याशिवाय माणसाच्या हाती वही देणं म्हणजे विहिरीवर दोर न देता बादली देण्यासारखं आहे. तुमच्या लेकीने मायेने दिली, तिची काही चूक नाही. पुढचं कुणी सांगितलंच नाही.

फॅड आहे का, हा तुमचा प्रश्न. याचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण तुम्ही हिशोबाचे माणूस आहात, पुराव्याशिवाय मानणार नाही. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग छापला. कॉलेजच्या ४६ मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधं, किरकोळ विषयावर लिहायला दिलं. बाकीच्यांना आयुष्यातला सगळ्यात जड प्रसंग लिहायला दिला, पण त्यांचेही तीन भाग केले. एका गटाने फक्त काय घडलं ते लिहायचं, दुसऱ्याने फक्त काय वाटलं ते, तिसऱ्याने दोन्ही. लिहून उठल्याबरोबर, काय वाटलं ते लिहिणाऱ्यांना बरं वाटलं नाही, उलट उदास वाटलं. तुम्हालाही तेच झालं, म्हणजे त्यात तुमचं काही बिघडलेलं नाही. पण पुढच्या काही महिन्यांत घडलेलं आणि वाटलेलं असं दोन्ही लिहिणारी मुलं दवाखान्यात कमी वेळा गेली.

यानंतर जगभर असे खूप प्रयोग झाले. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र करून कुणी हिशोब मांडला, तेव्हा निघालं की फायदा होतो, पण लहान. म्हणून कुणी तुम्हाला डायरीने डिप्रेशन बरं होतं असं सांगितलं, तर मान हलवू नका. वहीची किंमत क्विंटलात नाही, शेरात आहे. पण शेरभर धान्यही ज्याच्या घरात नाही त्याला विचारा.

पेनेबेकरांनी नंतर आणखी एक गोष्ट पाहिली, ती मला सगळ्यात कामाची वाटते. ज्यांना लिहून खरंच फरक पडला त्यांच्या पानांत दिवसागणिक "कारण", "म्हणून", "आता कळतं" असे शब्द वाढत गेले. पहिल्या दिवशी नुसता पसारा होता, चौथ्या दिवशी त्याची गोष्ट झाली होती. ज्यांच्या पानांत पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी तेच वाक्य होतं, त्यांना फारसं काही मिळालं नाही.

आता तुमच्या वहीकडे बघा. तीन आठवडे, रोज एकच ओळ, माझं चुकलं.

भाऊ, तुम्ही तीस वर्षं रोजकीर्द लिहिता. एखाद्या नव्या पोराने कीर्दीत रोज सकाळी आरंभीची शिल्लक लिहिली आणि रात्री तीच अखेरची शिल्लक म्हणून खाली लिहिली, मधे एकही नोंद नाही, कोण आलं, काय जमा, काय नावे, काहीच नाही, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? मला वाटतं पट्टीबुक हातात देऊन बाहेर काट्यावर पाठवाल. "माझं चुकलं" ही शिल्लक आहे. नऊ वर्षांची. ती तुम्ही रोज रात्री पुढच्या पानावर ओढता आणि ओढताना ती दरवेळी जड लागते. ती कुठून आली त्याची नोंद एकाही पानावर नाही. नोंदच नसेल, तर मेळ बसणार कसा?

आणि नोंद तुमच्याकडे आहे. ती वहीत नाही, मला लिहिलेल्या पत्रात आहे. होळीच्या सुमाराची दादर, "काय रे, बरं शे ना?", न उचललेली मान. अख्ख्या पत्रात एवढ्याच ठिकाणी मला नाना दिसले. आणि पुढे लगेच तुम्ही लिहिलंत, "ते असो."

ते असो नको. लिहायला सुरुवात तिथूनच करायची.

पण डॉक्टरांना भेटून आल्यावर. ही अट आहे. उठूच नये असं वाटणाऱ्या माणसाने एकट्याने बसून सगळ्यात जड प्रसंग उकरू नये. डॉक्टरांना सांगा, असं असं लिहायचं म्हणतोय. ते म्हणाले आत्ता नको, थोडं थांबा, तर थांबा. वही कुठे पळून जात नाही.

त्यांनी हो म्हटल्यावर चार दिवस काढा. रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून, जास्त नको. आणि झोपताना मुळीच नको. लेकीने सांगितलेल्यात एवढी एक गोष्ट मी बदलते. रात्री मन थकलेलं असतं. दुपारी बघा. लिलाव उरकलेला असतो, हमाल शेडमध्ये आडवे झालेले असतात, उन्हाने रस्त्यावर माणूस नसतो, शेठ जेवायला घरी गेलेले असतात. ती वेळ चांगली. लिहून झाल्यावर एकदम कामाला लागू नका. दहा मिनिटं यार्डात फिरा, चहा घ्या, कुणाशी तरी मक्याच्या भावाबद्दल बोला.

पहिल्या दिवशी फक्त तो दिवस लिहायचा. आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे नसते: कागद. मागच्या वर्षीच्या मार्चची पट्टीबुकं दफ्तरात असतील ना? त्यात नानांच्या पट्टीची स्थळप्रत असेल. तुमच्याच अक्षरातली. तारीख, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई. ती काढा, समोर ठेवा आणि त्यात जे लिहिलेलं नाही ते लिहा. नाना कशावर आले होते? बैठकीवर बसले की उभे राहिले? डोक्याला टोपी होती? वाळले होते का? "बरं शे ना" म्हणाले तेव्हा आवाज कसा होता, टोमणा होता की खरंच विचारत होते? तुमचं पेन थांबलं होतं का? पैसे कुणी मोजून दिले? जाताना त्यांनी मागे वळून बघितलं का, की तुम्ही मान खालीच घातली होती म्हणून ते तुम्हाला ठाऊकच नाही? ठाऊक नसेल तर तेही लिहा.

दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग, पण त्या वेळी तुमच्या आत काय चाललं होतं ते. राग होता? लाज? चारचौघांत भाऊ आधी बोलला म्हणून थोडं जिंकल्यासारखं वाटलं होतं का? असेल तर लिहा. असलं लिहायला माणूस कचरतो आणि मन नेमकं तिथेच अडून बसलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी मागे जा. विहीर. पाळी. ते भांडण पाण्याचं होतं की आणखी कशाचं? आपल्याकडे शेतीला लाईट अनेकदा रात्रीची असते. ज्याची पाळी त्याने रात्री दोनला उठून मोटर चालू करायची आणि थंडीत बारे देत फिरायचं. अशा वेळी तासाभराच्या पाण्यावरून सख्खे भाऊ दोर तोडतात, ही खान्देशात नवी गोष्ट नाही. पण तुमच्या घरात ते नऊ वर्षं का चाललं? मधे कुणी समेट करू बघितला का? तुम्ही कधी जायला निघून परत फिरलात का? इथे "कारण" हा शब्द वापरा. एका वाक्यात तरी वापरा. आणि नानांच्या खात्यावरही जे नावे पडायचं ते पडू द्या. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणून सगळं स्वतःच्या नावे टाकणं हा खोटा हिशोब आहे. नऊ वर्षं न बोलायला दोघं लागतात.

चौथ्या दिवशी नानांना लिहा. पत्र. अहिराणीत.

तुम्ही मला पत्र स्वच्छ मराठीत लिहिलंत, तसंच वहीतही लिहीत असणार. दुकानाची सवय. पण नानांशी तुम्ही कधी मराठीत भांडलात का? "ते आले होते, ते म्हणाले" असं तुम्ही मला सांगताय. घरात तुम्ही त्यांना "तू"च म्हणत असणार. "नाना, तू बोलना, मी नही बोलनू." हे वाक्य मी तुमच्या वतीने लिहून बघितलं आणि माझाच हात थांबला. "माझं चुकलं" हे वाक्य वीस वेळा वाचूनही थांबला नव्हता. ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेत लिहिलं, की मधला पडदा जातो. शिवाय एक मोठी सोय आहे. अहिराणी कशी लिहायची हे शाळेत कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकायची भीती नाही. मास्तरच नाही तर छडी कुठली!

जमलं तर त्याच दिवशी शेवटची पाच मिनिटं उलटं करा. नानांनी तुम्हाला उत्तर लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? शिव्या दिल्या असत्या तर शिव्या लिहा. तुम्ही त्यांना साधारण ४३ वर्षं जवळून आणि नऊ वर्षं लांबून ओळखत होतात. त्यांची बोलण्याची ढब तुम्हाला येते.

हे करताना कुठल्याही दिवशी छाती फार दाटली, हात थरथरला, आता नको वाटलं, तर पेन खाली ठेवायचं. पुरं करायचा हट्ट नको. ही परीक्षा नाही. आणि चार दिवस झाले की बंद. पाचव्या दिवशी तोच प्रसंग पुन्हा लिहायला घेतला, तर तुम्ही परत शिल्लक ओढायला लागलात असं समजा.

त्या पानांचं काय करायचं? फाडा. खरंच फाडा. लोकांना वाटतं डायरी म्हणजे जपून ठेवायची वस्तू, पुढेमागे कुणी वाचेल, कपाटात रांग लावायची. लेखकांना, पुढाऱ्यांना तसं करू दे. तुमचं काम लिहिताना झालेलं असतं, कागद उरला काय आणि चुलीत गेला काय. फाडायचं आहे हे आधीच ठरवलं, की माणूस जास्त खरं लिहितो. हिशोबाच्या माणसाला पान फाडणं जिवावर येईल, मला कल्पना आहे. म्हणून वहीत लिहूच नका, सुटे कागद घ्या. वहीचं पान फाडलं, तर तुम्हाला रात्रभर नंबर तुटल्यासारखं वाटत राहील.

माझे आजोबा धुळ्याच्या बाजूला एका पेढीवर होते. ते रोज दोन ओळी मोडीत लिहायचे. घरात मोडी कुणालाच येत नव्हती, त्यामुळे ते बिनधास्त. त्यांच्या मागे आम्ही ती बाडं हौसेने एका जाणकाराला दाखवली. निघालं काय, तर "आज दाढ दुखते", "आज पाऊस नाही", "हिचा राग गेला नाही". तिसरी ओळ वाचून आजी लाजली होती, एवढंच मला आठवतं.

तुमच्या घरी मात्र वही वाचली गेली आणि वाचणारी लाजली नाही, घाबरली. यावर जरा थांबते. दुसऱ्याची वही वाचू नये हे खरं, पण आपल्या घरांत कपाटाला एकच किल्ली असते आणि ती सगळ्यांना ठाऊक असते. शिवाय अकरा महिने नवरा रात्री छताकडे बघतो आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही वाचली असती. त्यांनी ते वाचलं, दोन दिवस घास गिळला नाही, आणि तुम्ही काय केलंत? वही उचलून गल्ल्याखाली टाकली. त्यांच्या बाजूने बघा. आता त्यांना दिसतही नाही की आत काय चाललं आहे.

आज संध्याकाळी त्यांना सांगा. भाषण नको. "तू वाचलंस ते मला माहीत आहे. तसं कधी कधी वाटतं, हे खरं आहे. मी डॉक्टरकडे जातोय, तू सोबत चल." बस. यातलं "सोबत चल" विसरू नका. वहिनी जेवल्या नाहीत, कारण त्यांना करण्यासारखं काहीच दिलं गेलं नाही. लेकीलाही फोन करा. नर्सिंग शिकते म्हणजे तिला हे ऐकवत नाही असं समजू नका. उलट तिला काय करायचं ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

रात्रीची झोप. वही दुपारची झाली, मग रात्री काय? दोन ओळी लिहा, पण मनातलं नको, उद्याचं. पाच मिनिटं. उद्या कुणाचं पेमेंट द्यायचं, बारदान किती मागवायचं, गॅस कधी लावायचा, पुतण्याला फोन करायचा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका झोपेच्या प्रयोगशाळेत ५७ जणांवर हे करून बघितलं. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी करणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकं बरं. नऊ मिनिटं फार नाहीत. पहाटे तीनची जाग या यादीने जाणार नाही, ती डॉक्टरांकडचीच गोष्ट आहे. पण अंथरुणावर पडल्यावर डोक्यात जी दुकानदारी चालते, ती थोडी कमी होईल. दुकानाचं तर तुम्ही असंच करता, शटर ओढायच्या आधी उद्याचं टिपून ठेवता.

दोनशेपानी वही लेकीने प्रेमाने दिली आहे, तिचा उपयोग या यादीसाठी करा. पाच ओळी, तारीख घालून. बायकोने वाचली तरी चालेल, उलट वाचू दे. महिन्याभराने वाटलं तर खतावणी काढा: झोप किती तास, छातीत कोणत्या दिवशी दाटलं, त्या दिवशी काय होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी बरं असतं आणि सुट्टीला वाईट, असं काही निघालं तर डॉक्टरांना सांगायला नेमकी माहिती होईल. नाही निघालं तर सोडून द्या, सगळ्याचाच तक्ता करत बसू नका.

या वयात वहीत रडत बसावं का, असं विचारता. ५३ वर्षांच्या माणसाचा भाऊ गेला, त्याने कुठे रडायचं मग? अंगणात तुम्ही रडलात का हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे, नाही. नऊ वर्षं न बोललेला धाकटा भाऊ, चार गावची माणसं बघताहेत, भावजय बघते आहे, कोणत्या तोंडाने रडणार? लोक काय म्हणतील याची भीती तिथे होती. दुपारी, बंद शटरमागे, सुट्या कागदावर ती नाही.

आता आखाजी. लिहून एक गोष्ट होत नाही, ती मात्र सांगायला हवी. विहीर अजून तिथेच आहे, सामाईक. नानांच्या जागी आता पुतण्या पाळी लावतो आहे, तुमच्या बाजूने बटाईदार. ते दोघं बोलतात की नाही, मला ठाऊक नाही. वही भरून पाळी ठरत नाही, त्यासाठी माणसांसमोर बसावं लागतं. पण ते आखाजीला नको. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा हिशोब, नवीन बोलणी, सगळं आखाजीलाच करायची आपली जुनी रीत, त्या नादात विहिरीचा विषय काढू नका. तो पुढे, पावसाच्या आधी, सवडीने.

घागरीला जा. पुतण्याने स्वतः फोन केला, म्हणजे त्या घराचं दार उघडं आहे. मोठ्या वहिनींना काय बोलायचं, असं वाटत असेल तर काही बोलू नका. घागर भरायला हात लावा, पुरे. तोवर डॉक्टरांची पहिली भेट झालेली असू द्या आणि चार दिवसांचं लिखाण झालं नसेल तरी अडत नाही. बाजारात डांगर (खरबूज) आले असतील, घागरीवर ठेवायला एक चांगलं बघून घ्या. सकाळच्या गाडीने निघा, ऊन फार झालंय. आणि वहिनींना सोबत न्या.

तुमची,
ताई